इकडून तिकडेच लागणारा फोन

नशिराबादला हायवेच्या कडेला, पंक्चरवाल्याच्या शेजारी आधारनानांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली की आसपासचे शेतकरी ती बैलगाडीत घालून, नाहीतर मोटारसायकलवर मागे बांधून नानांकडे आणायचे. जळकी तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार मोजून भरायची, वार्निश पाजायचं, सुकवायचं. हे काम नाना निम्मं आयुष्य करत आले होते. केळीचं पाणी चुकलं की बाग माना टाकते. त्यामुळे येणारा माणूस घायकुतीला आलेलाच असायचा आणि आपली घाई तो नानांच्या डोक्यावर ठेवून जायचा.

एक्क्याण्णवच्या सुमारास नानांच्या घरी फोन आला. आळीतला पहिलाच. त्या दिवशी नानांनी सगळ्यांना पेढे वाटले. नानांची बायको लिलाबाई हिने फोनसाठी क्रोशाचं झाकण विणलं. पण वर्षभरातच नानांना कळलं, की आपण घरात आळीचं पोस्ट ऑफिस आणून बसवलंय. समोरच्या मगनने आपल्या सगळ्या सोयऱ्यांना हाच नंबर दिला. मगनचं बघून बाकीच्यांनी दिला. "जरा मगनला बोलवता का?" "सोसायटीच्या चेअरमनला निरोप द्या ना!" मधेच एखादा शेतवाला, "नाना, मोटार धूर टाकतेय, लगेच या." जेवताना फोन, आंघोळ करताना फोन. घंटी वाजली की नानांच्या कपाळावर आठी उमटायची. पुढे पुढे तर वाजण्याआधीच उमटायला लागली.

आणि रविवारी सकाळी अक्काचा फोन.

भागाबाई म्हणजे नानांची मोठी बहीण. आई गेली तेव्हा आधार चार वर्षांचा होता आणि अक्का बारा-तेरा वर्षांची. तिनेच त्याला न्हाऊ-खाऊ घातलं. तिचं लग्न धुळ्याला, गिरणीतल्या कामगाराशी ठरलं, तेव्हा तिने एकच अट घातली होती, की भाऊ माझ्याबरोबर येईल. नवरी बसमध्ये चढली ती भावाला मांडीवर घेऊन, असं त्या लग्नाला गेलेले लोक सांगायचे. नवरा भला निघाला. अक्का कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची आणि भावाला शाळेत घालायची. दहावीत तो आपटला, तेव्हा तिने त्याला हाताला धरून मोटार बांधणाऱ्या एका उस्तादाकडे नेलं आणि अहिराणीत म्हणाली, "हाऊ मन्हा भाऊ शे. ह्याले हात शेत, डोकं शे. शिकाडा." नानांच्या हातात जो धंदा होता, तो असा आला होता.

आता अक्का विधवा झाली होती. गिरणी बंद पडली होती. देवपुरात ती मुलाजवळ राहायची. मुलाचं नाव पुना, एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला. त्यांच्या घरी फोन नव्हता. रविवारी सकाळी अक्का कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जायची आणि नशिराबादचा नंबर लावायला सांगायची.

"आधार, बठ्ठा बरा शेत ना?"

"बरा शेत, अक्का."

मग सुरू व्हायचं. शेजारणीची कोंबडी खुडूक बसली. विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन लागलं, वाचणारी पोरगी फार पटापट वाचते. पुनाची सून भाकरी पातळ करते. स्वप्नात आई आली होती, तिने हिरवं लुगडं नेसलं होतं. एक गोष्ट संपायच्या आत दुसरी निघायची. आता ठेवते म्हणायची आणि पुन्हा, "आनि हाई ऐक, एक सांगानं राही गयं."

नानांनी एक युक्ती काढली होती. फोनची एक जोडणी त्यांनी दुकानात घेतली होती. रिसीव्हर टेबलावर उताणा ठेवायचा आणि तार गुंडाळायचं यंत्र फिरवत राहायचं. मधेच वाकून "हं, हं अक्का" म्हणायचं. लिलाबाईला हे आवडायचं नाही.

अठ्ठ्याण्णव साली नानांचा मुलगा सुगत सिंगापूरला होता. जळगावला डिप्लोमा करून तो आधी पाइपच्या कारखान्यात लागला आणि तिथून पुढे गेला. त्याला मुलगी झाली. त्याने वडिलांना तिकीट पाठवलं. लिलाबाईलाही बोलावलं होतं, पण तिच्या गुडघ्यांनी आणि विमानाच्या धास्तीने तिला अडवलं. "तुम्ही नात बघून या, मी घर बघते," ती म्हणाली.

निघण्याआधीच्या रविवारी अक्काला हे कळलं. तिला कोण आनंद झाला! "मुंबईले बसनी जाय ना. धुळाले उतर, माले भेट, मंग पुढे जाय."

"बघतो अक्का," नाना म्हणाले. पण बसने कंबर मोडते म्हणून त्यांनी जळगावहून रेल्वेचं रिझर्व्हेशन केलं. आल्यावर जाऊच की धुळ्याला, असं स्वतःला सांगितलं.

सिंगापूरला पहिल्या सकाळी नाना जागे झाले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. इतका वेळ ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही झोपले नव्हते. घरात नात कुरकुरत होती, सूनबाई सुनंदा चहा टाकत होती. आणि कुठेही घंटी नव्हती. नाना खाटेवर बसून राहिले. खांद्यावरची गोणी कुणीतरी उतरवून घ्यावी तसं त्यांना वाटलं.

संध्याकाळी सुगत म्हणाला, "नाना, तुम्ही एकटे खाली फिरायला जाल, रस्ता चुकाल. माझा जुना मोबाईल आहे, त्यात कार्ड टाकून घेऊ." त्या काळी जळगावात मोबाईल एखाद्या बड्या असामीच्याच हातात दिसायचा. नानांनी तो कधी हातात धरलेला नव्हता.

सुगत त्यांना सरंगून रोडवरच्या एका दुकानात घेऊन गेला. दुकानदार तमिळ होता, तोडकंमोडकं हिंदी बोलायचा. त्याने काचेवर दोन पाकिटं ठेवली. आत नखाएवढी सोनेरी चकती असलेलं कार्ड.

"अंकल, दो कंपनी का है. ये वाले में इंडिया से फोन आया तो फ्री. लेकिन इधर से इंडिया लगाना महंगा. ये दूसरे में इंडिया लगाना सस्ता, मगर फोन आया तो भी बॅलन्स कटेगा." मग त्याने सरळच विचारलं, "आपको फोन करना ज्यादा है, या लेना ज्यादा है?"

नानांनी दोन्ही पाकिटं उलटसुलट करून पाहिली, वाचता काहीच आलं नाही. सुगत म्हणाला, "पहिलंच घ्या नाना. आईला इकडे फोन करता येईल. आणि आत्या तर रविवारची करेलच, तिला राहवणार आहे का?"

"म्हणूनच दुसरं घेऊ," नाना म्हणाले, आणि हसले. सुगतही हसला. काही न समजता दुकानदारही हसला. "सात वर्षं घेतोच आहे फोन. आता मला वाटेल तेव्हा मी करीन."

दुकानदाराने पासपोर्टची झेरॉक्स घेतली, कार्ड बसवून दिलं, आणि नंबर एका चिठ्ठीवर लिहिला. रस्त्यावर येऊन नानांनी पहिला फोन घरी लावला. लिलाबाईने नंबर उतरवून घेतला.

"हा कुणाला देऊ नको. मगनला नको, शेतवाल्यांना नको. अगदीच काही अडलं तर तू बूथवरून कर, आपल्या फोनवरून परदेशात लागत नाही."

"आणि अक्कांना?"

"अक्काला तर मुळीच नको. तिला सांग, हा फोन इकडून तिकडेच लागतो, तिकडून इकडे लागत नाही."

"खोटं सांगू?"

"त्यात काय एवढं खोटं! महिन्याभराचा तर प्रश्न आहे. आल्यावर जाईन धुळ्याला, दिवसभर बसेन तिच्यापाशी."

दिवस मजेत जाऊ लागले. नाना नातीला छातीशी धरून सोसायटीच्या आवारात फिरायचे. समुद्रावर उभी असलेली जहाजं बघून त्यांना वाटायचं, यातली मोटार केवढी असेल, ती जळाली तर कोण बांधत असेल. आठवड्यातून दोनदा ते घरी फोन लावायचे. दुसऱ्या आठवड्यात लिलाबाई म्हणाली, "अक्कांचा फोन आला होता. तुमचा नंबर मागत होत्या."

"मग?"

"तुम्ही सांगितलं तेच सांगितलं. 'असं का,' म्हणाल्या. नातीचं नाव काय ठेवलं ते विचारलं. आणि म्हणाल्या, आधारला एक विचारायचं आहे."

"काय?"

"मला नाही सांगितलं. त्यालाच विचारीन म्हणाल्या."

"असेल कोंबडीचं काहीतरी," नाना म्हणाले.

तरी ते त्यांच्या मनात राहिलं. पुढच्या रविवारी सगळे समुद्रावर गेले होते. नाना एका बाकावर बसले आणि त्यांनी मोबाईल बाहेर काढला. बूथचा नंबर त्यांच्या पाकिटात होता. बूथवर फोन लावायचा, भागाबाईंना बोलवा म्हणायचं, मग थोडं थांबून परत लावायचा, एवढंच काम होतं. पण अक्का पायात चपला घालून, दाराला कडी लावून, वाटेत दोघींशी बोलत येणार. मग 'एक सांगानं राही गयं' सुरू होणार. वारा छान सुटला होता. सुनंदाने डब्यातली भरली वांगी आणि पोळी पुढे केली. नानांनी मोबाईल खिशात ठेवला. पुढच्या रविवारी लावू.

पुढचा रविवार आला नाही. मधल्याच एका दुपारी, सुगत कामावर गेलेला असताना, नानांच्या खिशातला मोबाईल वाजला. तो आपणहून वाजण्याची त्यांना सवय नव्हती. कुठलं बटण दाबायचं ते सुनंदाने दाखवलं.

"अहो, मी बोलतेय, बूथवरून. पुनाचा फोन आला होता. अक्कांना..."

आणि आवाज बंद झाला. नानांनी "हॅलो, हॅलो" केलं. मोबाईल कानावरून काढून पाहिला, पुन्हा लावला. सुनंदाने हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "नाना, बॅलन्स संपला. या कार्डात आलेल्या फोनचेही कापतात ना." तिने बाळ नानांच्या हातात दिलं आणि रिचार्जचं कार्ड आणायला खाली धावली. नाना नातीला घेऊन घरभर येरझारा घालत राहिले. अक्काला काय? पडली? गेली? दुकानातला तो दुकानदार, काचेवरची ती दोन पाकिटं आणि आपलं हसणं त्यांना पुन्हा पुन्हा दिसू लागलं.

कार्ड आलं, नंबर भरला. पण आता घरचा फोन लागेना, तिकडे नातेवाईकांचे फोन सुरू झाले होते. लागला तेव्हा मगनने उचलला. वहिनी अजून बूथवर रांगेत आहेत म्हणाला. मग त्यानेच सांगितलं. अक्काला पक्षाघाताचा झटका आला होता. उजवं अंग गेलं होतं. वाचा गेली होती. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. जीव होता.

सुगतने धावपळ करून तिकीट बदलून घेतलं. तरी तीन-चार दिवस गेले. मुंबईला उतरल्यावर नानांनी धुळ्याची बस धरली. कंबर दुखते की नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दवाखान्याच्या लांबलचक खोलीत, भिंतीकडच्या खाटेवर अक्का होती. तोंड एका बाजूला ओढलेलं. भावाला बघताच तिचा डावा हात उचलला गेला. नानांनी तो धरला. तिच्या घशातून आवाज येत होते, पण त्यांचे शब्द होत नव्हते. जिला आयुष्यात कधी शब्द कमी पडला नव्हता, ती आता एकेक आवाज ढकलत होती. नानांनी पहिल्यांदाच तिच्या बोलण्याकडे एवढं कान देऊन ऐकलं, आणि त्यांना काही कळलं नाही.

बाहेर व्हरांड्यात पुना म्हणाला, "मामा, आई फार आठवण काढत होती. मी तिला म्हटलं, इकडून लागत नाही असा कसला फोन? तर म्हणाली, असेल, परदेशातला आहे तो. सुगतच्या ऑफिसचा नंबर शोधतो म्हटलं, तर नको म्हणाली. 'त्याले आराम करू दे. इथे कोन त्याले आराम देस?' म्हणाली."

नाना भिंतीला टेकले. "तिला काय विचारायचं होतं रे?"

"मला नाही सांगितलं. काय होतं?"

"मलाही माहीत नाही," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्यावरच्या बूथवर गेले. तिथे तरी अक्का काही बोलली असेल, असं त्यांना वाटलं. बूथ चालवणाऱ्या कुंदाबाईंनी त्यांना ओळखलं नाही, पण नाव सांगताच स्टूल पुढे केलं. अक्काला काय विचारायचं होतं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. "पण रविवारी बोलून झालं तरी त्या नुसत्या रिसीव्हर धरून बसायच्या हो," कुंदाबाई म्हणाल्या. "मी म्हणायची, आजी, तिकडे कुणी ऐकत नाही, कशाला बिल वाढवता? तर म्हणायच्या, 'शे ना तो. काम करी राह्यना. माले मशीनना आवाज येस.'"

नाना बराच वेळ त्या स्टुलावर बसून होते. कुणीतरी फोन करायला आलं, तेव्हा उठले.

नशिराबादला परतल्यावर लिलाबाईने त्यांना एका शब्दाने दोष दिला नाही. पण एकदा जेवायला वाढताना तिचा हात थांबला. "तिसऱ्यांदा नंबर मागितला तेव्हा माझ्या तोंडाशी आला होता. देऊन टाकला असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली. नाना खाली मान घालून जेवत राहिले. तिच्याकडे बघायची त्यांना हिंमत झाली नाही.

अक्का घरी आली. मालिश, औषधं चालू झाली. दिवाळीपर्यंत ती आधाराने बसू लागली. आणि एक शब्द परत आला. एकच. "नही." डॉक्टर म्हणाले, असं होतं, कधी कधी एखादाच शब्द उरतो आणि माणूस सगळ्यासाठी तोच वापरतो. तहान लागली तरी नही, पाणी पिऊन झालं तरी नही. नातसून आली की हसून नही. मान हलवून हो-नाही सांग म्हटलं तर मानही दोन्हीकडे हलायची.

नाना आता दर रविवारी दुकान बंद ठेवून धुळ्याला जायचे. बस सुटायच्या आधी स्टँडवरून केळी घ्यायचे, कुस्करून तिला भरवायचे. सुरुवातीला त्यांनी तिच्या मनातला प्रश्न शोधायचा फार प्रयत्न केला. "घराच्या कागदाचं होतं का अक्का? पुनाच्या पोरीसाठी स्थळ होतं का? आईचं काही होतं? मन्हं काही?" प्रत्येक वेळी अक्का जीव एकवटायची, डोळे मोठे करायची, आणि नही म्हणायची. खरं जवळ आलं की लांब गेलं, हे कळायला काही मार्ग नव्हता. कधी तिला आपलंच हसू यायचं. कधी डोळे भरायचे आणि ती भिंतीकडे तोंड करायची. मग नानांनी विचारणं सोडलं आणि स्वतःच बोलू लागले. कुणाची मोटार आली, नातीला दात आला, मगनने स्वतःचा फोन घेतला. त्यांना बोलायची सवय नव्हती, पाच मिनिटांत विषय संपायचे. इतकी वर्षं अक्काने ती तेवढी बोलणी कुठून आणली असतील, असं त्यांना वाटायचं.

नव्याण्णवच्या थंडीतली एक सकाळ. पुना दळण आणायला गेला होता. अक्का अंगणात उन्हात बसली होती, अंगावर गोधडी. नाना तिच्या शेजारी बाजेवर बसले. घरात कुणी नव्हतं.

"अक्का," ते म्हणाले, "तो फोन इकडूनबी लागे. मी लिलाले खोटं सांगाले लावं. तुना फोन येवाले नको म्हनीसन."

अक्का त्यांच्याकडे बघत होती. ऊन तिच्या डोळ्यांवर आलं होतं. नानांनी हात आडवा धरून सावली केली.

"तुले माहीत व्हतं का?"

"नही," अक्का म्हणाली.

"मन्हावर राग शे का तुले?"

"नही," अक्का म्हणाली. आणि पुन्हा, जरा जोर लावून, "नही."

तिचा डावा हात गोधडीतून बाहेर आला आणि नानांच्या मनगटावर पडला. नाना तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिले. पण अर्धा चेहरा हलतच नव्हता, आणि उरलेल्या अर्ध्यावर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येईना. घटकाभरापूर्वी केळं हवं का विचारलं, तेव्हाही ती नहीच म्हणाली होती आणि सगळं केळं खाल्लं होतं.

दळणाचा डबा खांद्यावर घेऊन पुना फाटकातून आत आला. "मामा, चहा टाकू?" त्याने विचारलं.

"टाक," नाना म्हणाले. अक्काचा हात त्यांच्या मनगटावरच होता. तो निसटू नये म्हणून ते तसेच, अवघडून बसून राहिले.